देवरावांचे भुरके पाहुणे

देवरावांच्या अंगणात कापूस वाळत असला की फाटकातून आत जायची कुणाची टाप नसते. सरपंच असो, सोयरा असो, नाहीतर वीजबिल वाटणारा असो, देवराव स्टुलावरून उठत नाहीत. छत्रीखालून एक हात वर करतात आणि म्हणतात, "थांबा जी. पावणे निघून राह्यले."

मग आपण फाटकाबाहेर थांबायचं. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. एकदा मी वाटीभर साखर मागायला गेले होते. घरी चुलीवरचा चहा आटून भांडं करपलं, तरी पाहुणे काही निघेनात. शेवटी आमच्या ह्यांनी गूळ घालून दुसरा चहा केला आणि फाटकाबाहेर मला आणून दिला. देवरावांना म्हणाले, "तुह्या पावण्याइच्या पायी माही बायको रस्त्यावर आली बाप्पा." देवरावांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांचं लक्ष ताडपत्रीच्या कडेला होतं.

हे पाहुणे म्हणजे किडे. जिऱ्याच्या दाण्याएवढे, भुरके, टोकदार तोंडाचे, पाठीवर काचेसारखी पाखं. बोंड फुटलं की हे कापसात शिरतात. कापूस खात नाहीत. आतल्या सरकीत सोंड खुपसून तिचा रस पितात. आमच्या राळेगाव तालुक्यात ज्यानं ज्यानं कापूस वेचला आहे त्यानं ते पाहिलेले आहेत, आणि बघून झटकलेले आहेत. त्यापलीकडे त्यांचा विचार करावा असं देवराव सोडून कुणालाही वाटलं नाही. मला तर किड्यांची पहिल्यापासून शिसारी. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यात झुरळाचं चित्र मी दरवर्षी मुलांकडूनच फळ्यावर काढून घेतलं.

देवरावांचं म्हणणं सरळ आहे. किडा कापसात राहिला आणि कापूस दाबून भरला की तो चिरडतो. चिरडला की पिवळा-हिरवा डाग पडतो आणि वास सुटतो. हा वास एकदा बसला की जात नाही. आता यावर उपाय काय? शेजारचा माणूस कापूस काठीनं बडवील, दुसरा फवारा मारील, तिसरा काहीच करणार नाही. देवराव वाट बघतात. सकाळी नऊला ताडपत्री अंथरायची, कापूस बोटभर जाडीनं पसरायचा, आणि ताडपत्रीच्या एका कडेला, भिंतीच्या सावलीत, अंबाडीची वाळकी बोंडं मांडून ठेवायची. ऊन तापलं की किडे कापसातून निघतात, सावलीकडे चालू लागतात आणि अंबाडीच्या बोंडांत जाऊन बसतात. अंबाडीचं बीही त्यांना आवडतं. दुपारी देवराव ती बोंडं सुपात उचलतात आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन ठेवतात. परत येऊन हात धुतात आणि मग तुम्हाला विचारतात, "बोला, कायले आलते?"

तोवर आपण कशाला आलो होतो ते आपण विसरलेले असतो.

एका औषधाच्या कंपनीचा माणूस एकदा गाडीवर आला. गळ्यात टाय, हातात रंगीत कागद. म्हणाला, "काका, हा किडा एका फवाऱ्यात मरते." देवरावांनी त्याला दुसऱ्या स्टुलावर बसवलं, दुसरी छत्री दिली आणि हातात भिंग दिलं. "पह्यले ओळख करून घ्या. ज्याले मारायचं त्याचं तोंड तं पाह्यलं पाह्यजे. मिशीले चार पेरं हायेत का? मोजा." तो बिचारा मोजत बसला. मग देवरावांनी त्याला पिल्लं दाखवली, लालसर पोटाची. "पाच डाव कात टाकते, मंग पाख फुटते. पाच डाव. आपल्याच्यानं एक डाव सभाव बदलत नाई." दीड तासानं तो माणूस उठला तेव्हा त्याची पाठ घामानं भिजली होती आणि औषधाचं नाव त्यानं परत काढलं नाही. जाताना मला हळूच विचारलं, "हे काका नेहमी असेच असतात का?" मी म्हटलं, "नाही, आज तुम्ही होतात म्हणून लवकर आटोपलं."

पण हसण्यावारी न्यावं असं त्यात काही नाही, हेही सांगितलं पाहिजे. देवरावांचा कापूस जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात गेला की तिथला ग्रेडर कोपरापर्यंत हात गाडीत घालतो, मूठभर कापूस बाहेर काढून नाकाशी धरतो आणि म्हणतो, "देवरावभाऊचा ना? घ्या आत." एवढ्यावर काम संपतं. गाडीवर बसलेल्या देवरावांची मिशी त्या वेळी दोन्ही बाजूंनी वर चढते. मिशीही साधीसुधी नाही, झुपकेदार, तेल लावून वळवलेली. आमच्या गावाला ना देऊळ मोठं, ना नदी मोठी. बाहेरगावी कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, "देवरावांचं गाव. ज्यांच्या कापसाला डाग नसतो ते." मीसुद्धा सांगते. आणि सांगताना माझी मान थोडी ताठ होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

या सगळ्यात सिंधू होती. देवरावांची बायको. तिच्यासारखी वेचणारी बाई मी पाहिली नाही. दोन्ही हातांनी वेचायची, दोन हात दोन वेगळ्या झाडांवर, आणि कापसाला वाळक्या पानाचा कण लागू द्यायची नाही. बाकीच्या बाया एक ओळ संपवत तोवर हिची दीड झालेली असे. देवरावांच्या किड्यांवर तिचा राग होता, पण तो राग रोज संध्याकाळी भाकरीबरोबर वाढायचा असतो तसला. "माणसाले च्या नाई अन किड्यासाठी छत्री," ती फाटकाबाहेर उभ्या असलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणायची. विहिरीजवळ भेंडीच्या दोन ओळी होत्या. त्या देवराव तोडू देत नसत. वाळून बी धरलेली भेंडी पाहुण्यांना लागते म्हणून. "वहिनी," सिंधू मला म्हणायची, "माह्या घरी भेंडी हाय अन मी तुमच्याकडून मांगून नेते. सांगा, कोणच्या बाईच्या नशिबी असं असन?"

मग गावात एक कृषी सहायक मुलगी आली. हुशार होती, नवीन होती, आणि नवीन असल्यामुळे देवरावांचं सगळं ऐकून घ्यायची. तिनं एक दिवस भिंगातून बघून सांगितलं, "काका, हे कापसावरच्या लाल ढेकणाच्या घराण्यातले नाहीत. यांचं कूळच वेगळं आहे. लहानसं कूळ आहे, जगात फार कुणाला माहीत नाही. सगळे बियांवर जगणारे. आधी शास्त्रज्ञ यांना एका मोठ्या कुळात धरायचे, मग वेगळं काढलं."

झालं. देवरावांना कुणी पद्मश्री दिली असती तरी एवढा आनंद झाला नसता. त्या दिवसापासून ओळख करून देताना ते आधी कूळ सांगतात. "पह्यले मोठ्या खटल्यात होते. मंग अलग निंगाले. आपल्यासारखंच." देवरावही तीन भावांतून वेगळे निघालेले, त्यामुळे हा मुद्दा त्यांना फार जवळचा. "लाल ढेकण्या दुसऱ्या घरचा. लोक दोघाइले एकाच पंगतीत बसवते. तो धाक दाखवते, आंग रंगवते. हे गरीब. कोनाले माईत नाई, पण कूळ हाय त्याईचं." सोयरीक जुळवायला आलेल्या लोकांसमोरही त्यांनी हे सांगितलं होतं. प्रणालीचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न तेव्हा मुकुटबनच्या एका घरी ठरत होतं. मुलाकडचे लोक म्हणाले, "आम्हाले वाटलं तुम्ही तुमचं कूळ सांगून राह्यले." सिंधूनं पदर तोंडाला लावला आणि आत पळाली. हसू आवरेना तिला. तरी सोयरीक जमली.

त्यानंतरच्या पौषात सिंधू गेली. दोन तासांचं दुखणं. दुपारी छातीत कळ आली, राळेगावला पोचेपर्यंत संपलं होतं.

आमच्याकडे असं झालं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. देवराव म्हणाले, "वर्षाच्या आत." वैशाखातली तारीख निघाली. तयारीला मी होते, माझी सून होती, तांड्यावरच्या दोघीतिघी बाया होत्या. देवराव कामं करत, बोलत नसत. दुपारी बारा ते दोन ते घराचं दार आतून लावून घेत. आम्हाला वाटायचं, झोपत असतील. झोपू द्या म्हटलं, रडायचं असेल तर रडू द्या.

गादी मात्र त्यांनी सगळ्या गावासमोर भरून घेतली. यंदाचा कापूस, तीनदा ऊन दाखवलेला, जिनिंगमधून स्वतः उभं राहून काढून आणलेली रुई. गादीवाला अंगणात बसला तेव्हा देवराव त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे. लग्नात ती गादी, एक उशी आणि रजई मांडवात मांडल्या. व्याही शंकरराव एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. त्यांनी गादी दाबून बघितली, उशी दाबून बघितली, जणू गाडीच्या टायरात हवा आहे का ते बघतात.

देवरावांना राहवलं नाही. ते पुढे आले. "इवाई, या गादीत एक किडा दाखवा. मिशी उतरून ठेवीन."

लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "अन उशी?"

देवराव थांबले. "उशी..." म्हणाले. मग म्हणाले, "उशीबी."

मला वाटलं, पोर जाणार म्हणून अडखळले.

लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. सकाळी दहाच्या सुमाराला देवराव आमच्या दारात आले. हातात फोन होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. पलीकडे प्रणाली रडत होती.

"बाई," ती मला शाळेपासून बाईच म्हणते, "मामंजींनी उशी अंगणात नेऊन टाकली. गादी बी टाकली. उशीतून ढेकूण निघाले म्हणते. मामंजींच्या मानेवर चढले. शेजारची काकू सगळ्याइले सांगून राह्यली, का नवी सून माहेरून ढेकूण घेऊन आली. मी पाणी आणाले गेली तं बाया बाजूले सरकल्या."

नव्या सुनेच्या नावाला पहिल्या पंधरा दिवसांत जे चिकटतं ते केस पांढरे झाले तरी सुटत नाही. हे मला माहीत आहे, कारण मी सासरी आल्या आल्या वरणात दोनदा मीठ टाकलं होतं आणि आजही माझ्या नणदा वरण वाढताना माझ्याकडे बघतात. इथे तर खाटेचे ढेकूण. त्या घाणीचं नाव एकदा लागलं की पोरीच्या हातचं पाणी प्यायलाही लोक कचरणार.

माझं रक्त तापलं. "भाऊजी, आत्ताच्या आत्ता जायचं. तुमच्या उशीत ढेकूण? त्यांच्याच खाटेतले असतील. भांडायचं. मी येते. बाईमाणूस लागतंच बोलायला."

देवराव म्हणाले, "हो, चला. मी आलोच."

अर्ध्या तासानं ते आले ते बिनमिशीचे.

चाळीस वर्षांची मिशी. ओठावरची कातडी पांढरी पडलेली, एका जागी ब्लेड लागून रक्ताचा थेंब. मी बघतच राहिले. "अवो भाऊजी, आधी पाहू तं द्या काय हाय ते! तुम्ही हरले कायले?" त्यांनी पिशवीत भिंग आहे का ते चाचपलं आणि स्टँडकडे चालू लागले. राळेगावहून पांढरकवडा, तिथून दुसऱ्या एसटीनं मुकुटबन. वैशाखाचं ऊन, खिडकीतून गरम वारा. सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले: "वहिनी, तिथं तुम्ही भांडू नका."

शंकररावांच्या अंगणात गादी, उशी, चादर सगळं उन्हात पडलं होतं. शेजारची बाई कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून उभी होती, आणि तिची ती जागा नेहमीचीच असावी असं भिंतीकडे बघून वाटत होतं. प्रणाली दारात उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले. तिनं बापाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. आधी मिशी गेल्याचंच तिला दिसलं.

शंकररावांनाही दिसलं. ते रागानं उठले होते, ते उभेच राहिले. पण कंट्रोलरचा स्वभाव, अहवाल दिल्याशिवाय राहवेना. "इवाई, काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी आडवा झालो. उशी चांगली वाटली म्हून माह्या डोक्याखाली घेतली. दोन पंचवीसले मानेवर काहीतरी चाललं. दोन तीसले कानामागं. दोन पस्तीसले मी उठून पाह्यलं तं तीन. तीन!"

"चावले का?" देवरावांनी विचारलं.

शंकरराव अडखळले. "चावले... म्हणजे, चालले."

देवराव उन्हात उकिडवे बसले. उशीच्या शिवणीजवळ दोन किडे चालत होते. त्यांनी भिंग काढलं, वाकले, आणि काय सांगू, त्या माणसाच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. बाहेरगावी आपल्या गावचा कुणी भेटावा तसं. "हे खाटेचे नाई, इवाई. हे आमचे पावणे. या, पाहा. खाटेचा ढेकूण गोल राह्यते, चपटा, त्याले पाख नसते. याले पाहा, काचेवानी पाख. तोंड पाहा, कसं निमुळतं. हे रक्त नाई पेत, सरकी पेते. यांचं कूळच अलग हाय."

"कूळ?" शंकरराव म्हणाले.

"लहान कूळ हाय. पह्यले मोठ्या खटल्यात होते..."

मी डोळ्यांनी खूण केली, तेव्हा थांबले. बाही वर सारून त्यांनी चार किडे हातावर घेतले आणि हात शंकररावांपुढे धरून तसेच बसले. किडे मनगटापासून कोपरापर्यंत फिरले, एक बोटावरून उडाला. हातावर कुठे गांधी नाही, कुठे लाल डाग नाही. शंकररावांनी घड्याळ लावून दहा मिनिटं बघितलं. मग स्वतःचा हात पुढे केला. त्यांच्याही हातावर किडा चालला, आणि त्यांनी दात आवळून सहन केलं. शेवटी म्हणाले, "नाई चावत."

मी भिंतीवरच्या बाईकडे जिंकल्यासारखं बघितलं. माझ्या मते प्रकरण मिटलं होतं.

पण विहीणबाई तोवर प्रणालीच्या मागे उभं राहून सगळं बघत होत्या. शांत बाई. त्या दारातूनच म्हणाल्या, "रक्त पेत नाई, मानलं. पण आले कुठून? तुम्ही तं कापसाले तीन तीन डाव ऊन दाखवता म्हणत होते. मांडवात सगळ्याइसमोर म्हणलं तुम्ही. मंग पोरीच्या उशीतच कसे राह्यले?"

प्रश्न बरोबर होता.  मी देवरावांकडे बघितलं, तर ते मान खाली घालून हातावरचा किडा जमिनीवर सोडत होते, फार हळू.

"या उशीच्या कापसाले ऊन दाखवलं नाई," ते म्हणाले.

"काहून?"

देवरावांनी हातावरचा दुसरा किडा सोडला. विहीणबाई पुढे आल्या, उशीजवळ बसल्या आणि शिवणीचे दोन टाके दातांनी तोडून आत हात घातला. मूठभर कापूस बाहेर आला. जिनिंगची रुई नव्हती ती. हातानं सरकी काढलेला कापूस वेगळा दिसतो, त्याचे पुंजके तसेच राहतात, बोंडाचा आकार मोडत नाही. चार ठिकाणी सरकी राहूनही गेली होती. तिच्यावरच पाहुणे जगले होते. आणि कापूस कसा, तर वाळक्या पानाचा एक कण नाही. असा कापूस वेचणारी एकच बाई मला माहीत होती. 

"सिंधूचा हाय," देवराव म्हणाले. "त्या दिवशी सकाळी येचला तिनं. बोचकं बांधून आणलं, कोपऱ्यात ठेवलं, अन म्हणे छातीत दुखून राह्यलं."

देवरावांनी विहीणबाईंच्या हातातल्या कापसाकडे बघितलं.

"ऊन दाखवाचं म्हणजे गाठ सोडा लागते. गाठ तिनं बांधलेली. सोडून ताडपत्रीवर पसरलं का मंग झालं, येचणी संपली तिची. माह्याच्यानं नाई झालं. मी बाजूनं हात घालून एक एक बोंड काढलं अन सरकी काढली. रोज दुपारी. पावणे आत राह्यले, मले माईत होतं. इतके वर्सं मी लोकाइले सांगत आलो, अन माह्याच पोरीच्या उशीत..." त्यांनी मोकळ्या ओठावरून हात फिरवला. "चूक माही हाय, इवाई. पोरीची नाई. मी मिशी उतरून आलो."

दुपारी बारा ते दोन लावलेलं ते दार मला आठवलं, आणि आम्ही त्याला झोप समजलो होतो याची मला फार लाज वाटली. गावातल्या सगळ्यात शिस्तीच्या माणसानं आयुष्यात एकदा शिस्त मोडली होती, ती अशी.

प्रणाली दारातून खाली आली. बापासमोर मातीत बसली. "बाबा, तुम्ही मले सांगतलं काहून नाई? मायचा कापूस हाय म्हून?"

देवरावांनी तिच्याकडे बघितलं. "सांगतलं असतं तं तू उशी वापरली असती का? पेटीत घालून ठेवली असती. वर्सातून एक डाव काढून रडली असती." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मले पेटीत ठेवाची नव्हती. मले वाटलं, दिवसभर काम करून थकशीन, नवं घर हाय, कोणी बोलन, काही व्हईन. निजाले जाशीन तं डोकं मायच्या हातावर असलं पाह्यजे. तुले माईत असो का नसो."

पोरगी मोठ्यानं रडली. मीही रडले, सांगायला काय हरकत आहे. शंकररावांनी घड्याळ बघितलं, पण वेळ बघायला नव्हे. कुठेतरी बघायला हवं म्हणून.

विहीणबाईंनी आतून सुई-दोरा आणला. बाहेर काढलेला कापूस पुंजका न मोडता परत आत ठेवला आणि शिवण घालायला बसल्या. शंकरराव हळूच म्हणाले, "अवं, त्या आतल्या..." विहीणबाईंनी मान वर न करता सांगितलं, "चावत नाई म्हणलं ना तुम्हीच? तुम्ही आपली जुनी उशी घ्या. ही पोरीची हाय." आणि तीन-चार टाके असे घट्ट घातले की तो विषय तिथेच शिवला गेला. मी त्या बाईला मनातल्या मनात नमस्कार केला. आमची पोर चांगल्या घरात पडली होती.

प्रणालीनं उशी झटकली, छातीशी धरली आणि उभी राहिली. भिंतीवरच्या बाईला दुरून सगळं ऐकू गेलं नसावं. तिनं मान लांब करून विचारलं, "मंग काय निघालं वं सूनबाई तुह्या उशीत?"

प्रणालीनं पदरानं डोळे पुसले आणि भिंतीकडे वळली.

"माह्या मायनं येचलेला कापूस निघाला, काकू," ती म्हणाली. "शेवटचा. माह्या बापानं हातानं भरला."

गल्लीतून जाणाऱ्या दोन बाया थांबल्या, एवढ्या मोठ्यानं म्हणाली. ही पोर चार वर्षं माझ्या वर्गात होती. हजेरी घेताना तिचं 'हजर' मला ओठांवरून ओळखावं लागायचं. तिचा असा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.